एक्केचाळीसच्या आत प्रवेश नाही

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात पहिला पाऊस, हॉस्टेलचे दिवस, दोन-चार प्रेमकविता आणि मेसच्या पोळ्यांवरचा एक विनोदी लेख एवढं हमखास असतं. या वेळी हट्ट करून मी आकडेमोडीवर लिहायची परवानगी घेतली आहे. "गणिताचा लेख कोण वाचणार?" असं संपादकांनी विचारलं, आणि गणित म्हटलं की एमथ्रीची केटी आठवणारी मंडळी आपल्याकडे बहुसंख्य आहेत हे मलाही मान्य आहे. पण घाबरू नका. यात लाप्लासही नाही आणि फूरिएही नाही. गुणाकार, भागाकार आणि बाकी एवढं आठवत असलं तरी पुरे. शिवाय हा लेख गणिताचा कमी आणि आपल्या जर्नल, ओरल आणि प्रोजेक्टचा जास्त आहे. तेव्हा पान उलटू नका.

एक सूत्र घ्या. कोणतीही पूर्ण संख्या क्ष. तिला तिच्या पुढच्या संख्येनं गुणायचं आणि ४१ मिळवायचे. म्हणजे क्ष × (क्ष + १) + ४१. क्षचा वर्ग अधिक क्ष अधिक ४१ म्हणतात ते हेच. क्षच्या जागी ० घातला तर येतात ४१. १ घातला तर ४३, २ घातला तर ४७, आणि पुढे ५३, ६१, ७१, ८३, ९७, ११३, १३१. सगळ्या मूळ संख्या, म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः यांखेरीज कशानंही भाग न जाणाऱ्या. असं करत करत ३९ घातला तर १६०१, आणि तीही मूळ. सलग चाळीस वेळा! लिओनार्ड ऑयलरनं १७७२ साली या मालिकेकडे लक्ष वेधलं तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गमध्ये होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. आपल्याकडे दोन डोळे आणि एक कॅल्क्युलेटर आहे, तरी एकदा करून बघायला हरकत नाही.

आता ४० घाला. ४० × ४१ + ४१ म्हणजे ४१ × ४१, म्हणजे १६८१. संपला खेळ. चाळीस पेपर डिस्टिंक्शनमध्ये आणि एक्केचाळिसाव्याला दांडी उडाली!

ही गोष्ट अनेक पुस्तकांत येते आणि तिचा बोधही ठरलेला असतो. "पाहा मुलांनो, चाळीस उदाहरणं जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही." बोध खोटा नाही. पण माझं मत असं, की तो अर्धाच आहे, आणि आपण इंजिनिअरिंगवाले त्या अर्ध्या बोधावर समाधान मानतो म्हणून आपलं नुकसान होतं. ही गोष्ट ऐकून मुलगा फार तर एवढंच शिकतो की चाळीसऐवजी शंभर वेळा तपासावं. शंभर जुळले तर हजार वेळा. पण मुळात चाळीस वेळा जुळलं ते का, हे कोणीच विचारत नाही. सलग चाळीस मूळ संख्या नशिबानं येत नाहीत. मग आत काहीतरी आहे ना? ते काय आहे, हेच आज सांगायचं आहे.

त्यासाठी मूळ संख्यांकडे बघणं जरा सोडा आणि वेगळा प्रश्न विचारा. या सूत्रातून जी संख्या येते, तिचा सर्वांत लहान मूळ अवयव कोणता? १६८१ चा आहे ४१. क्ष = ४१ घातला तर १७६३, म्हणजे ४१ × ४३, सर्वांत लहान पुन्हा ४१. ४२ ला १८४७ आणि ४३ ला १९३३, दोन्ही मूळ. ४४ ला २०२१, म्हणजे ४३ × ४७, सर्वांत लहान ४३. (२०२१ साल ऑनलाइन लेक्चरमध्ये गेलं तेव्हा ते ४३ गुणिले ४७ आहे याकडे कोणाचं लक्ष असणार!) आता मजा बघा. क्षला कितीही पुढे न्या. हजार, लाख, कोटी. मूळ संख्या येईल किंवा येणार नाही. पण २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी कोणीही त्या संख्येला भाग लावू शकत नाही. १७, १९, २३, २९, ३१, ३७ यांनाही तेच. सर्वांत लहान अवयव ४१ च्या खाली कधीही येत नाही. हॉस्टेलच्या गेटवर रात्री दहानंतर प्रवेश नाही अशी पाटी असते, तशी या सूत्राच्या गेटवर पाटी आहे: एक्केचाळीसच्या आतल्यांना प्रवेश नाही. फरक इतकाच, की इथे वॉचमनला चहा पाजून काम होत नाही.

हे कशावरून? "कोटीपर्यंत तपासलं" हे उत्तर चालणार नाही, ते आपण आत्ताच ठरवलं. तर कारण बघू.

२ ची गोष्ट सोपी. क्ष आणि क्ष + १ यांतली एक संख्या सम असणारच, म्हणून गुणाकार सम, आणि त्यात विषम ४१ मिळवले की बेरीज विषम. २ बाहेर.

आता ७ घ्या. एखाद्या संख्येला ७ नं भाग जातो की नाही हे फक्त बाकीवर ठरतं, आणि क्ष सातानं पुढे सरकला की बाकी पुन्हा तीच येते. म्हणजे ० ते ६ एवढे सात क्ष तपासले की अनंत क्ष तपासून झाले. त्या सात वेळच्या बाक्या अशा: ६, १, ५, ४, ५, १, ६. शून्य कुठेच नाही, म्हणून ७ कायमचा बाहेर. ५ च्या बाक्या १, ३, २, ३, १. ३ च्या २, १, २. आणि ११ च्या ८, १०, ३, ९, ६, ५, ६, ९, ३, १०, ८. एक गोष्ट लक्षात आली का? प्रत्येक ओळ पुढून वाचा किंवा मागून वाचा, सारखीच. कारण आपलं सूत्र दोन शेजारी संख्यांच्या गुणाकाराचं आहे. ७ च्या हिशेबात ६ म्हणजे उणे १ आणि ५ म्हणजे उणे २. दोन उणे संख्यांचा गुणाकार अधिक, म्हणून उजवी बाजू डाव्या बाजूसारखीच. म्हणजे सगळी ओळ तपासायची गरजच नाही, अर्धी पुरे.

आता ३७ पर्यंत जा. ३७ साठी ० ते ३६ तपासायचे, पण अर्धी ओळ पुरे, म्हणजे ० ते १८. त्यापेक्षा लहान मूळ संख्यांना याहूनही कमी लागतात. ० ते १८ मधून येणाऱ्या एकोणीस संख्या म्हणजे ४१ पासून ३८३ पर्यंत. या एकोणीसही संख्या मूळ आहेत, हे मेसच्या बिलामागे दहा मिनिटांत तपासता येतं, कारण ३८३ पर्यंतच्या संख्येसाठी १९ पर्यंतचेच भाजक बघावे लागतात. या सगळ्या मूळ आणि सगळ्या ४१ किंवा जास्त, म्हणजे ३७ पर्यंतच्या कोणीही यांना भाग लावला नाही. आणि यांना लावला नाही म्हणजे कुठेच, कधीच लावणार नाही.

आता चाळीस मूळ संख्यांचं कोडं आपोआप सुटतं. एखादी संख्या मूळ नसेल तर ती किमान दोन अवयवांचा गुणाकार असते. इथे प्रत्येक अवयव ४१ किंवा त्याहून मोठा. म्हणजे मूळ नसलेली सगळ्यांत लहान संख्या किमान ४१ × ४१ = १६८१ असायला हवी. क्ष = ३९ ला येतात १६०१, म्हणजे १६८१ च्या आत. तेव्हा तोपर्यंतच्या सगळ्या संख्या मूळ असण्यावाचून गत्यंतरच नाही. आणि ४० ला बरोबर १६८१ येतात. ज्या पहिल्या जागी सूत्र घसरू शकत होतं, त्याच जागी ते घसरलं.

म्हणून मला "सूत्र एक्केचाळिसाव्या वेळी नापास झालं" हे म्हणणं पटत नाही. मूळ संख्या देईन असं सूत्रानं कधी म्हटलंच नव्हतं. तसं ते म्हणूही शकत नव्हतं, कारण शेपटीत ४१ असल्यावर क्षच्या जागी ४१ घातले की ४१ नं भाग जाणार, हे शाळेतलं पोरही सांगेल. लहान भाजक येऊ देणार नाही, एवढंच त्याचं वचन आहे आणि ते त्यानं आजवर मोडलेलं नाही, पुढेही मोडणार नाही. दुसऱ्याच वचनाची अपेक्षा आपण केली आणि दोष सूत्राच्या माथी मारला.

कारण कळलं की किती काम वाचतं तेही बघा. वर आपण एकोणीस संख्या तपासल्या. १९८७ साली हवानाला झालेल्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये सहावा प्रश्न नेमका याच विषयावर होता. ४१ च्या जागी कोणतीही संख्या घ्या, तिला ३ नं भागून वर्गमूळ काढा, तेवढ्या क्षपर्यंत मूळ संख्या येत असतील तर पुढेही, त्या संख्येहून दोननं कमी असलेल्या क्षपर्यंत येतीलच, हे सिद्ध करायचं होतं. ४१ साठी हे वर्गमूळ पावणेचारच्याही आत येतं. म्हणजे ०, १, २, ३ एवढेच क्ष. ४१, ४३, ४७, ५३ या फक्त चार संख्या बघायच्या, बाकीच्या छत्तीसची हमी आपोआप! कारण माहीत नसताना चाळीस उदाहरणं कमी पडतात आणि कारण माहीत असताना चार पुरतात. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आता आपल्या कॉलेजकडे वळू.

आपल्याकडे प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला काय होतं? मॅन्युअलमध्ये तीन इनपुट दिलेले असतात. त्यांचं आउटपुट जुळलं की सही. आता तर कोडही यंत्राकडून लिहून मिळतो आणि तोही त्या तीन इनपुटना बरोबर चालतो. तीन काय, तीस टेस्ट केसना चालतो. तो का चालतो, हे लिहून घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि सही करणाऱ्यालाही विचारायला वेळ नसतो. हार्डवेअर लॅबमध्ये वेगळी तऱ्हा. आमच्या बॅचमधल्या एकाचा अॅम्प्लिफायर वरच्या फ्रिक्वेन्सीला पुस्तकापेक्षा आधीच गेन सोडायला लागला. कारण सरळ होतं. प्रोब आणि केबलची स्वतःची कपॅसिटन्स आउटपुटवर बसली होती. त्या दिवशी लॅबमध्ये शिकण्यासारखं जे काही होतं ते त्या वाकड्या रीडिंगमध्येच होतं. पण त्याला सांगण्यात आलं, की मागच्या वर्षीचं जर्नल बघ आणि ग्राफ नीट काढून आण. त्यानं काढून आणला आणि सही मिळाली. आपला १६८१ खोडून तिथे एक खोटी मूळ संख्या लिहिली गेली, दुसरं काय.

"एवढ्यानं काय होतं?" असं कोणी म्हणेल, तर १९९४ सालची गोष्ट ऐका. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ते ४१ आणि ४३ सारख्या जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. जगाच्या दृष्टीनं अगदी निरुपयोगी उद्योग. त्यांचे आकडे जुळेनात. प्रोग्राम तपासला, दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिला, आणि शेवटी चूक सापडली ती पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारात. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता बसवलेला होता. त्यात १०६६ नोंदी हव्या होत्या आणि पाच भरायच्या राहिल्या होत्या. सरासरी नऊ अब्ज भागाकारांत एकदा चूक दिसेल असं इंटेलचं म्हणणं होतं. म्हणजे चाळीस टेस्ट केस सोडा, चाळीस लाख घेतल्या तरी चिप पास होण्याचीच शक्यता जास्त. आधी टाळाटाळ झाली, पण डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यायचं ठरलं आणि कंपनीनं त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात धरला. त्यानंतर चिप बनवणाऱ्यांनी भागाकारासारखी मंडलं गणिती सिद्धतेनं तपासण्यावर, म्हणजे फॉर्मल व्हेरिफिकेशनवर, जास्त भर दिला. अनुभवानं शहाणे झाले म्हणायचं. पण धडा तोच. पुष्कळ वेळा बरोबर येणं वेगळं आणि चुकायला वाट कुठून आहे ते माहीत असणं वेगळं.

यावर आपल्या कट्ट्यावरचा नेहमीचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. "बाबा रे, आपण इंजिनिअर. चाललं म्हणजे झालं. सिद्धता बीएस्सीवाल्यांना दे." हे अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. प्रत्येक नट-बोल्टची सिद्धता देत बसलो तर एकही पूल उभा राहणार नाही. पण मग सिव्हिलच्या मित्रांना विचारा, काँक्रीटचे तीन क्यूब अठ्ठावीस दिवसांनी फोडून ते एवढ्या मोठ्या कामावर विश्वास कसा ठेवतात? तिथे फक्त तीन क्यूब बोलत नाहीत. सिमेंट, पाणी आणि खडी यांच्या प्रमाणानं ताकद कशी बदलते, शंभरातले किती नमुने ठरलेल्या ताकदीच्या खाली जाऊ शकतात, त्यावर किती गुणांक सोडायचा, हे सगळं ज्ञान त्या तिघांच्या पाठीशी उभं असतं. आपल्या चार संख्यांच्या पाठीशी बाक्यांची ओळ उभी आहे तसंच. ते ज्ञान काढून घ्या, मग तीन क्यूब म्हणजे नुसते तीन दगड. सिद्धता इंजिनिअरनं लिहायला हवी असं नाही, पण आपला भरवसा कशावर उभा आहे हे त्याला सांगता यायला हवं.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा. "पोर्शन संपत नाही, साठ जणांची बॅच, ओरलला प्रत्येकी पाच मिनिटं. कारणं कधी विचारायची?" सर-मॅडमची ही अडचण खरी आहे आणि ती आम्ही मुलांनीही समजून घ्यायला हवी. म्हणून मोठमोठ्या सुधारणा मागत नाही. एक छोटा बदल सुचवतो, तो शेवटी सांगतो. त्याआधी आणखी एका माणसाची गोष्ट सांगायची आहे, कारण तो आपल्या शाखेचा.

४१ सारख्या संख्या किती? म्हणजे शेपटीत ती संख्या ठेवली की शेवटच्या शक्य त्या क्षपर्यंत मूळ संख्याच याव्यात, अशा? २, ३, ५, ११, १७ आणि ४१ या सहा माहीत होत्या. १७ घेऊन बघा, सलग सोळा मूळ संख्या येतात. सातवी आहे का? या प्रश्नाची मुळं गाउसच्या १८०१ सालच्या ग्रंथापर्यंत जातात. १९१३ मध्ये राबिनोविच यांनी तो बीजगणिताच्या एका खोल प्रश्नाशी नेमका जोडून दिला. उत्तर आलं १९५२ साली, कुर्ट हेग्नर या माणसाकडून. हा बर्लिनचा, रेडिओ इंजिनिअरिंग आणि गणित हे त्याचे विषय, आणि विद्यापीठात कुठलंही पद नाही. त्यानं सिद्ध केलं की सातवी नाही, ४१ वर गाडी थांबते. पण त्याचा लेख वाचायला अवघड होता, त्यात एक जागा कच्ची वाटत होती, आणि लिहिणारा बाहेरचा. मोठ्या मंडळींनी तो बाजूला ठेवला. १९६५ मध्ये हेग्नर वारला. पुढच्या दोन वर्षांत अॅलन बेकर आणि हॅरॉल्ड स्टार्क यांनी स्वतंत्र मार्गांनी तेच उत्तर काढलं, आणि १९६९ मध्ये स्टार्कनंच दाखवून दिलं की हेग्नरच्या लेखातली ती कच्ची जागा सहज भरून निघण्यासारखी होती. उत्तर सतरा वर्षं छापील पडून होतं.

ही गोष्ट मी दोन्ही बाजूंना उद्देशून सांगतो आहे. मुलांना एवढंच, की बरोबर असणं पुरत नाही, कारण स्पष्ट मांडता आलं पाहिजे. तपासणाऱ्यांना एवढंच, की वेडावाकडा लिहिलेला पेपर आणि चुकीचा पेपर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ग्राफ सुबक, फाइल स्पायरल बाइंडिंगची आणि मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं, म्हणून प्रोजेक्ट चांगला, हा हिशेब दोघांनी सोडायला हवा.

आणि पदवीच्या मुलांकडून कारणं शोधायची अपेक्षा करणं फार होतं, असं कोणाला वाटत असेल तर त्याचंही उत्तर आपल्या देशातच आहे. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं आणि झटपट ठरवायची पद्धत ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरहून आली. मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांची. त्यातले कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झाले होते आणि कामाची सुरुवात त्यांच्या बीटेकच्या प्रोजेक्टमध्येच झाली होती. प्रत्येक बॅचमधून असं काही निघेल असं मी म्हणत नाही. पण प्रोजेक्ट बाजारात जाऊन विकत आणायची वस्तू आहे, ही समजूत तरी आपण सोडू या. दूर कशाला, देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता द. रा. कापरेकरांनी कागद-पेन्सिल घेऊन ६१७४ चा शोध लावला. मार्टिन गार्डनरनं मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगाला ते कळलं. त्यांच्याकडे लॅब नव्हती आणि फंडही नव्हता. "असं का?" हा प्रश्न तेवढा होता.

त्याच गार्डनरनं पुढच्याच महिन्यात, एप्रिल फूल म्हणून, वाचकांची एक फिरकी घेतली. आपल्या ४१ ला ४ नं गुणून १ वजा केला की १६३ येतात. १६३ चं वर्गमूळ गुणिले पाय, आणि तेवढ्या घाताला ई. ही संख्या चक्क पूर्णांक आहे, असं त्यानं छापलं. खरी किंमत आहे २६२५३७४१२६४०७६८७४३.९९९९९९९९९९९९२... दशांश चिन्हापुढे बारा वेळा नऊ! आपला परीक्षेचा कॅल्क्युलेटर त्यातला फरक दाखवूच शकत नाही. यंत्रावर दिसलं ते खरं मानणाऱ्यानं हे एकदा जरूर करून बघावं. आणि हा जवळजवळ पूर्णांक येतो तोही योगायोगानं नाही. ज्या कारणानं ४१ वर गाडी थांबते, त्याच कारणाचं हे दुसरं टोक आहे.

आता तो छोटा बदल. जर्नलच्या प्रत्येक प्रयोगाखाली 'निष्कर्ष' नावाची जागा असते. तिथे गेली कित्येक वर्षं "दिलेल्या सर्किटचा अभ्यास केला" हे एकच वाक्य पिढ्यानपिढ्या उतरत आलं आहे. त्याऐवजी तिथे दोन ओळी लिहायच्या. पहिली: हे असं का आलं? दुसरी: हे कुठे येणार नाही? बाकी सगळं जर्नल छापा, मला काही म्हणायचं नाही. या दोन ओळी मात्र आपापल्या शब्दांत. ओरलला सरांनी एवढ्या दोन ओळींवरच विचारावं. पाच मिनिटं भरपूर होतील. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये शेवटचं एक पान 'हे कुठे फसतं' या नावाचं असावं, आणि ते प्रामाणिकपणे भरणाऱ्याचे मार्क कापू नयेत, उलट वाढवावेत. यानं पोर्शन वाढत नाही, खर्च वाढत नाही. झेरॉक्सवाल्याचं थोडं नुकसान होईल, तेवढं त्यानं सोसावं.

आणि ज्यांना हे सगळं पाल्हाळ वाटलं त्यांच्यासाठी एक छोटं काम. दुसरं सूत्र घ्या: क्ष × क्ष + १. यातून २, ५, १०, १७, २६, ३७, ५०, ६५, ८२, १०१ अशा संख्या येतात. यांना ५ नं भाग जातो, १३ नं जातो, १७ नं जातो. पण ३, ७ आणि ११ नं कधीच जात नाही. वर ७ साठी केली तशी बाक्यांची ओळ मांडा, दहा मिनिटांत कळेल. मग १९ आणि २३ बघा आणि कोणाला प्रवेश आहे, कोणाला नाही, याचा नियम शोधा. मात्र या सूत्रातून मूळ संख्या अनंत वेळा येतात का, हे विचारू नका. १९१२ साली लांडाऊ यांनी केंब्रिजच्या परिषदेत हा प्रश्न मांडला आणि आजही तो सुटलेला नाही. १९७८ मध्ये इवानिएच यांनी इतकं सिद्ध केलं की फार तर दोनच मूळ अवयव असलेल्या संख्या त्यात अनंत वेळा येतात. शेवटची एक पायरी अजून कोणाच्या हाती लागलेली नाही. बाक्यांचा नियम सापडला तर मला मेसमध्ये गाठा. मात्र नुसता नियम सांगू नका, कारणही घेऊन या.